बारावा रकाना

३ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर ‘मा. व्यवस्थापक’ असं लिहिलंस आणि आत ‘महोदय’. व्यवस्थापक गेल्या वर्षी निवृत्त झाले. तेव्हापासून त्या खुर्चीत मी बसते, त्यामुळे महोदय म्हणजे मीच. तुला हे माहीत नसेल असं मी धरून चालते. माहीत असूनही लिहिलं असशील तर तेही चालेल. तीन वर्षांनी तुझं अक्षर बघायला मिळालं, हेच पुष्कळ झालं. ‘ळ’ अजून तसाच काढतोस, पोट सुटलेला.

आमच्या पर्यटन ऑफिसनं द्यायचं उत्तर असं:

आपण ज्या खाडीत जाऊ इच्छिता तिथे मोठं जहाज जात नाही. आपली अट ‘दवाखाना असलेल्या मोठ्या जहाजातूनच’ अशी आहे. मोठं जहाज त्या किनाऱ्यासमोरून लांबूनच जातं. तीन हजार माणसं कठड्याशी गर्दी करून डोंगरांचे फोटो काढतात आणि मग जेवायला जातात. खाडीच्या तोंडाशी पाणी उथळ आहे. आत शिरतात ती फक्त छोटी जहाजं, आणि तीही मधेच थांबून रबरी बोटी सोडतात. तिथे धक्का नाही, रस्ता नाही, वस्ती नाही. सगळ्यात जवळचा दवाखाना सात तासांवर.

हे सगळं तुला पाठ आहे. वहिनी गेली त्या आठवड्यात तुझ्या हॉलमध्ये, वीस माणसांदेखत, तू मला हेच विचारलं होतंस. दवाखाना असलेल्या जहाजावर का नाही पाठवलंस तिला? मी मान खाली घातली. मग तू म्हणालास, पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस. मी टाकलं नाही.

आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी तीन गोष्टी विचारते. हलत्या शिडीवरून हलत्या बोटीत उतरता येईल का? न्हाणीघराएवढ्या खोलीत आठ दिवस निघतील का? आणि सोबत कोण आहे? पहिल्या दोन्हींची उत्तरं मला माहीत आहेत. चौतीस वर्षं लिफ्ट तपासत अंधाऱ्या बोगद्यातून शिड्या चढलास-उतरलास, तुला काय होतंय. तिसऱ्याचं कळव.

आपली विश्वासू,
व्यवस्थापक, म्हणजे भोंगा


१९ फेब्रुवारी

दादा,

‘छोटं चालेल. एकटा.’

बस? आपले वडील तार करायचे तेव्हासुद्धा खुशाली विचारायचे.

असो. या मोसमात त्या खाडीत तीन जहाजं जाणार आहेत. पहिलं दोनशे माणसांचं. देखणं आहे, सगळीकडे काचा. पण किनाऱ्यावर एका वेळी शंभरच माणसं उतरवायची असा तिथला नियम आहे. म्हणजे निम्मे लोक उतरतात आणि निम्मे वर कॉफी पीत आपल्या पाळीची वाट बघतात. तुला पाळीसाठी थांबवायचं म्हटलं की मला त्या कप्तानाचीच काळजी वाटते. दुसरं अठरा माणसांचं, शिडाचं. सगळ्यांनी मिळून दोर ओढायचे, भांडी घासायची, आणि अठरा जणांत स्वच्छतागृहं दोन. तू दुसऱ्या दिवशी त्यांचे दोर तपासशील आणि तिसऱ्या दिवशी जहाज बंद पाडशील. तिसरं चौऱ्याऐंशी माणसांचं, निळ्या पट्ट्याचं. सगळे एकदम उतरतात. जहाजावर एक डॉक्टर असतो आणि औषधांची एक खोली, एवढंच. वहिनी याच जहाजानं गेली होती.

माझं मत विचारशील तर तिसरं. तू विचारणार नाहीस हे ठाऊक आहे.

वहिनी निवडायला आली तो दिवस तुला कधी सांगितला नाही, कारण सांगायला तू समोर उभं केलं नाहीस. ग्रंथालयातून सुटून थेट आली होती. बोटांना डिंक तसाच. ते प्रवासाचं पुस्तक तुला आठवतं का, जे तिच्याकडे बांधायला आलं होतं? मधली अकरा पानं कुणीतरी फाडून नेलेली. बोट खाडीत शिरते तिथे पान संपतं, आणि पुढच्या पानावर माणसं परत निघालेली असतात. वहिनी म्हणाली, “मधे काय झालं ते मला जाऊन बघायचंय.” मी हसले. म्हटलं, “आणि दादा?” तर म्हणाली, “त्यांना बोट लागते. आणि त्यांना कुठेही नेलं की ते आधी बाहेर पडायची वाट शोधतात.”

तिन्ही जहाजांची माहितीपत्रकं तिनं टेबलावर पसरली. खोल्या बघितल्या नाहीत, जेवण विचारलं नाही. तिचा प्रश्न एकच होता. “यातल्या कुठल्या जहाजावर जिने कमी आहेत?” मी म्हटलं, “का गं, गुडघे?” “हो, गुडघेच समज.” मग आम्ही दोघींनी जहाजाच्या आराखड्यावर पेन टेकवून पायऱ्या मोजल्या. निळ्या पट्ट्याच्या जहाजावर खोलीपासून बोटीपर्यंत चौदा. तिनं त्याच्यावर बोट ठेवलं.

तुला एकट्याला खोली मिळतेय. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात निघायचं. हो म्हण, म्हणजे फॉर्म पाठवते.

भोंगा


११ मार्च

दादा,

सोबत फॉर्म. कोरा आहे, तूच भर.

पूर्वी सगळ्यांचे फॉर्म मी भरायची. माणूस समोर बसून बोलायचा, मी लिहायची, शेवटी त्यानं सही करायची. लोकांना ते आवडायचं. फॉर्म म्हटलं की भलेभले पेन खाली ठेवतात, आणि मी त्यांच्याशी गप्पा मारता मारता चार पानं उरकून टाकायची. तेवीस वर्षं हेच केलं. आता करत नाही. परवा एक ऐंशीच्या बाई आल्या होत्या, त्यांनाही हातात पेन दिलं. त्या रागावल्या. रागावू देत.

बाराव्या रकान्यात आजार लिहायचे आहेत. तुझ्या हृदयात गेल्या वर्षी दोन स्टेंट घातले हे तुझ्या लेकीनं मला कळवलंय. तिला ओरडू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं. साखर तर तुला आधीपासूनच आहे. ते सगळं लिही. वाचून जहाजाचे डॉक्टर ठरवतील, मी नाही आणि तूही नाहीस.

हात दुखतोय म्हणून इतकंच.

भोंगा


२६ मार्च

दादा,

फॉर्म परत आला. सही तेवढी केलीस, बाकी सगळं कोरं. आणि चिठ्ठी: ‘चष्म्याचा नंबर बदललाय. तूच भर. तिचा भरलास तसा.’

तू सहज लिहिलं असशील. मला ते सहज वाचता आलं नाही. चिठ्ठी घेऊन खाली गेले आणि चष्म्याच्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसले. दुकानदार पाण्याचा ग्लास घेऊन आले, म्हणाले, “बाई, बरं नाही का?” मी म्हटलं, “बरी आहे.” माझी ही सवय काही जात नाही.

हात दुखत नव्हता, दादा. मागच्या पत्रात मला सांगायचं होतं आणि धीर झाला नाही. आता सांगते. हे पूर्ण वाच आणि मग हवं तर फाड.

वहिनीचा फॉर्म मी भरला. अकराव्या रकान्यापर्यंत आम्ही हसत होतो. बारावा आला. मग तिनं पर्स उघडून डॉक्टरांचा कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. तिच्या हृदयाची झडप निकामी होत चालली होती. सहा महिन्यांपासून तिला माहीत होतं. ऑपरेशन करायला हवं होतं आणि तिला त्याची भीती वाटत होती. म्हणाली, “आल्यावर करीन. आधी हे एवढं बघून येते.”

मी म्हटलं, “वहिनी, दादाला सांगितलंस?”

“त्यांना सांगितलं तर ते मला पलंगावर बसवतील आणि दर महिन्याला तपासून भिंतीवर प्रमाणपत्र लावतील. तू लिही, ‘नाही’.”

मी नको म्हटलं. खरंच म्हटलं, दादा, दोनदा म्हटलं. ती म्हणाली, “चौतीस वर्षांत तुझ्याकडे काही मागितलंय का मी?” नव्हतं मागितलं. उलट मला घटस्फोटानंतर चार महिने तिनं तुमच्या घरात ठेवून घेतलं होतं, आणि एकदाही ‘आता पुढे काय’ असं विचारलं नव्हतं.

मी लिहिलं. ‘नाही’. माझ्या हातानं, माझ्या अक्षरात. ते न लिहिता खरं लिहिलं असतं तर जहाज कंपनीनं डॉक्टरांचा दाखला मागितला असता. तो कुणी दिला नसता आणि वहिनी गेलीच नसती. मोठं जहाज, छोटं जहाज, यानं काहीच फरक पडला नसता. तू तीन वर्षं भलत्याच गोष्टीसाठी माझ्यावर रागावला आहेस आणि मी ते चालू दिलं. चुकीचं जहाज निवडणारी बहीण होणं मला सोपं वाटलं.

आणखी एक आहे. ते सांगितलं नाही तर हे पत्र लिहून उपयोग नाही. तिनं मला ते सांगितलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. तुला माहीत नाही आणि मला माहीत आहे, याचं बरं वाटलं. लहानपणापासून घरातली प्रत्येक गोष्ट आधी तुला कळायची, मग मला. पहिल्यांदा उलटं झालं होतं. त्या सुखात मी पेन उचललं.

मी स्वतःला समजावत आले आहे की ती जिथे जायचं होतं तिथे पोचली, सुखात गेली. रोज समजावते. तूही लोकांना तसंच सांगतोस असं कळलं.

फॉर्म परत पाठवतेय. हा मी भरणार नाही. मला काय म्हणायचं ते म्हण. पोलिसात द्यायचं असेल तर दे.

तुझी बहीण


२ मे

दादा,

तुझं पत्र मी उभ्यानंच वाचलं आणि उभीच राहिले.

तुला माहीत होतं.

निघायच्या नऊ दिवस आधी तुला तिच्या डिंकाच्या डब्याखाली गोळ्यांचं पाकीट सापडलं. तू औषधांच्या दुकानात जाऊन त्या कशाच्या आहेत ते विचारून आलास, आणि पाकीट होतं तिथे ठेवून दिलंस. ‘ती त्या संध्याकाळी नवा रेनकोट घालून आरशासमोर उभी होती. बाहेर ऊन होतं. इतकी खूश मी तिला लेक झाली तेव्हा पाहिली होती. आयुष्यभर मी लोकांना धोक्याच्या लिफ्टमधून खाली उतरवलं. तिला उतरवायला तोंड उघडलं नाही.’ हे तुझं वाक्य मला आता पाठ झालंय.

मला तुझी दया आली, आणि मग असा संताप आला की टेबलावरची सगळी माहितीपत्रकं मी जमिनीवर फेकली. तीन वर्षं, दादा! वीस माणसांसमोर माझ्यावर बोट रोखलंस तेव्हाही तुला माहीत होतं! मी तुझ्या दारावरून जाताना रस्ता बदलायची. लेकीच्या लग्नाचा फोटो मला दुसऱ्याच्या फोनवर बघावा लागला. मी स्वतःला खुनी समजत होते आणि तू घरात बसून तेच स्वतःला समजत होतास, आणि दोघांत अंतर किती तर पायी वीस मिनिटांचं. एकदा तरी यायचंस. येऊन शिव्या दिल्या असत्यास तरी चाललं असतं.

बघ, भोंगा वाजायला लागला की थांबत नाही असं तूच म्हणायचास.

तू यावेळी फॉर्म स्वतः भरलास. बाराव्या रकान्यात जागा पुरली नाही म्हणून मागे लिहिलंस. साखर, दोन स्टेंट, चढावर लागणारी धाप, पाठीवर झोपता येत नाही हेसुद्धा. तारखांसकट, तुझ्या तपासणीच्या अहवालासारखं. मी तो जसाच्या तसा पाठवला. काल उत्तर आलं. तुला जहाजावर घेता येणार नाही म्हणतात. दिलगीर आहेत. मी त्यांच्या डॉक्टरांना फोन करून भांडले, ते शांतपणे म्हणाले, “बाई, त्यांनी इतकं खरं लिहिलंय की मला हो म्हणायला काही जागाच राहिली नाही.”

तर तू जाणार नाहीस. तुझ्या नावाची खोली मी माझ्या नावावर केली आहे. तू मला जा म्हणाला नाहीस, पण जाऊ नको असंही म्हणाला नाहीस. सव्वीस वर्षं लोकांना जहाजांवर चढवतेय, स्वतः कधी चढले नाही. वहिनी कुठे बसली होती ते बघते आणि तुला कळवते.

पत्राच्या शेवटी लिहिलंस, ‘तुला माफ केलं, तूही कर. पण घरी येऊ नकोस. तुला पाहिलं की मला माझंच तोंड दिसेल.’ हे वाचून मी रडले. आधीच्या ‘पाऊल टाकू नकोस’ला मी रडले नव्हते, तेव्हा निदान राग होता. ठीक आहे. नाही येत.

बहीण


१९ जुलै, जहाजावर

दादा,

काल आम्ही खाडीत होतो.

तुला वर्णन हवं असेल. मला फारसं जमत नाही, मी बाई माहितीपत्रकांची. पाणी राखाडी, डोंगर सरळ पाण्यात उतरलेले, वरून बर्फाची नदी आलेली आणि ती मधूनमधून कडाड असा आवाज करते. किनारा म्हणजे नुसते गोटे. माणसाचा मागमूस नाही. थंडी अशी की नाक आहे की नाही ते चाचपून बघावं लागतं. सगळे सहप्रवासी कुजबुजत बोलत होते. मला सुंदर वाटलं नाही. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

रबरी बोट चालवणारी बाई आहे, चाळिशीची, दणकट, हातांना भेगा. नऊ मोसम याच जहाजावर काढलेत. मी तिला वहिनीचा फोटो दाखवला. तिनं बोटीचं इंजिन बंद केलं आणि माझ्याजवळ येऊन बसली. त्या दिवशी वहिनीला तिनंच उतरवलं होतं.

दादा, आपण दोघं जे म्हणत आलो ना, सुखात गेली, हवं ते बघून गेली, ते मी तिला विचारलं. तसंच विचारलं, तिनं हो म्हणावं म्हणून. तिनं माझ्या हातातला फोटो पुन्हा एकदा बघितला. मग म्हणाली, “तुम्हाला खरं सांगू की बरं वाटेल ते सांगू?”

तिनं विचारलं नसतं तर बरं झालं असतं. मी म्हटलं, खरं.

वहिनी किनाऱ्यावर उतरून दहा पावलं चालली आणि एका ओंडक्यावर बसली. डोंगराकडे पाठ होती तिची. तिला श्वास घेता येत नव्हता. ती घाबरली होती, दादा. खूप घाबरली होती. बोटवालीचा हात तिनं इतका घट्ट धरला की वळ उठले. ‘मला घरी जायचंय’ म्हणाली. डॉक्टर बारा मिनिटांत आले, फोन लावायचा प्रयत्न केला, पण डोंगरांमुळे तिथून फोन लागत नाही. ती म्हणत राहिली, “ह्यांना बोलवा.” बोटवालीला वाटलं, नवरा जहाजावर आहे. तिनं विचारलं, “कुठल्या खोलीत आहेत?” तर वहिनी म्हणाली, “खालीच असतील. जिन्यातून हाक मारा, लगेच येतील.”

बोटवाली धावत बोटीपर्यंत गेली आणि तिनं तिथल्या वायरलेसवरून जहाजाला सांगितलं, यांच्या नवऱ्याला पाठवा. जहाजावरचे यादी बघत बसले. ती परत आली तोवर संपलं होतं. मला म्हणाली, “मी हात सोडायला नको होता. तीन वर्षं मला हेच वाटतंय.” म्हणजे आता आपण तिघं झालो.

मी त्या ओंडक्यावर बसले. मोठ्यानं रडले, चौऱ्याऐंशी माणसांदेखत.

हे तुला सांगू नये असं वाटलं. काल रात्रभर मी दुसरंच पत्र मनात जुळवत होते. ती हसत होती, बर्फाकडे बघत होती, शांतपणे डोळे मिटले. छान जमत होतं. तुला ते वाचून झोप लागली असती. पण एकदा मी एका माणसाचं मन मोडवत नाही म्हणून खोटं लिहिलं आणि त्याचं काय झालं ते आपण बघितलं. आणि तिनं शेवटी तुला हाक मारली हे तुझं आहे. ते मी माझ्याजवळ ठेवून घेणार नाही. या वेळी नाही.

तू मला येऊ नकोस म्हणालास आणि मी ठीक आहे म्हटलं. ते मी मोडतेय.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. चार दिवस ते तुझ्याकडे यायला लागतील आणि तू ते त्या हॉलमध्ये एकटा बसून वाचशील, हे मला सहन होत नाही. मी स्वतःच घेऊन येतेय. घंटा वाजवणार नाही. दाराखालच्या फटीतून आत सरकवीन आणि बाहेर थांबेन. नवा चष्मा केला असशील अशी आशा आहे. सावकाश वाच, मला घाई नाही.

इथपर्यंत वाचलं असशील तर मी दारापाशीच आहे, दादा. उघड.